हिरवी चौकट

समितीची माणसं येणार म्हणून त्या दिवशी कंट्रोल रूममधल्या खुर्च्या ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या होत्या, आणि कधीपासून बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ एकदाचं खाली उतरवलं होतं. खोली तळमजल्यावर होती. तिला खिडकी नव्हती, पण एक अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली होती. त्या पडद्यांवर शहरातले चौक, पूल, बाजार, बसस्थानक असं सगळं मुकाट्यानं चालू असायचं. माणसं तोंडं हलवत, गाड्या एकमेकींच्या अंगावर येत, कुणी कुणाला हात करी. खोलीत आवाज फक्त एसीच्या घरघरीचा.

या खोलीची प्रमुख एक इन्स्पेक्टर होती. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली, सगळी हयात खात्यात घालवलेली. पाठीमागे सगळे तिला नियमबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. नावं ठेवणाऱ्यांनी निदान खरं तरी ठेवलंय, असं ती म्हणे.

शहरात नवे कॅमेरे बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट ते वाचत आणि कुठली गाडी कुठे, किती वाजता दिसली हे साठवून ठेवत. तिच्या वरच्या साहेबांना हे सगळं वर्षभर जपायचं होतं. नागरिकांच्या समितीला ते त्याच संध्याकाळी पुसून हवं होतं. या ओढाताणीतून नियम तयार करायचं काम अर्थातच नियमबाईच्या गळ्यात पडलं होतं. तिनं मधला मार्ग काढला. ज्या नोंदी कुठल्या गुन्ह्याशी जोडलेल्या नसतील त्या महिन्यानं पुसायच्या. कारण लिहिल्याशिवाय कुणी काही शोधायचं नाही. आणि पोलिसानं आपल्या नातेवाइकाच्या गाडीचा शोध घ्यायचा नाही.

हे शेवटचं वाचून साहेब हसले होते. "अहो, मग माझा जावई कुठे हिंडतो ते मला कळायचं कसं?"

"जावयाला विचारून, साहेब."

समितीच्या वतीनं एक वयस्क वकील आले होते. अंगानं काटकुळे, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. हवालदारानं यंत्र चालवून दाखवलं. साहेबांच्या गाडीचा नंबर टाकला, सकाळपासूनचा सगळा प्रवास पडद्यावर आला. समितीच्या माणसांनी माना डोलावल्या.

वकिलांनी मान डोलावली नाही. "जी आहे ती गाडी सापडते, हे कळलं," ते म्हणाले. "आता जी नाही ती सापडत नाही, हेही दाखवा. रस्त्यावर असणं शक्यच नाही असा एखादा नंबर टाका."

हवालदारानं नियमबाईकडे पाहिलं. ती पुढे झाली आणि मनात काही यायच्या आत तिच्या बोटांनी एक नंबर टाकला.

तो तिच्या दादाच्या गाडीचा होता. फार वर्षांपूर्वी एका दुपारी, टायरमध्ये हवा भरून आणतो, आलोच, असं सांगून तो घराबाहेर पडला होता. तो परत आला नाही, आणि ती फिकट निळी गाडीही कुठे सापडली नाही. ती तेव्हा खात्यात नवीन होती. तो नंबर तिनं ठाण्याठाण्याला कळवला होता, गॅरेजवाल्यांना, भंगारवाल्यांना सांगितला होता. तिच्या डोक्यातून तो पुढेमागे गेलाही असता, पण बोटांतून गेला नव्हता. पुढे कोर्टानं दादाला मृत ठरवलं आणि गाडीची नोंदणी रद्द झाली. म्हणजे वकील म्हणत होते तसाच नंबर होता.

पडद्यावर एक नोंद आली.

जागा, नदीवरचा पूल. वेळ, आत्ताची.

हवालदारानं चित्र मोठं केलं. पुलावरचा रस्ता दुपारच्या उन्हात पांढरा दिसत होता. एक मार्गिका पूर्ण मोकळी होती. त्या मोकळ्या जागेत, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, यंत्रानं एक लहानशी हिरवी चौकट काढली होती. यंत्राला प्लेट दिसली की तिच्याभोवती ते अशीच चौकट काढी. या चौकटीत काहीच नव्हतं. मागचं डांबर आणि कठड्याची सावली तेवढी दिसत होती. खाली मात्र नंबर छापून आला होता, अक्षर न् अक्षर बरोबर.

"तुमचं यंत्र दिवसाढवळ्या स्वप्नं बघतं की!" वकील म्हणाले.

"जाहिरातीच्या बोर्डालाही कधी कधी गाडी समजतं, वकीलसाहेब," हवालदार ओशाळून म्हणाला. सगळे हसले. चहा आला. नियमबाईनं कप हातात घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

घरी ती आणि तिची वहिनी अशा दोघीच राहत. आई गेल्यावर दोघींनी मिळून तिसऱ्या मजल्यावर ही दोन खोल्यांची जागा घेतली होती. वहिनी लोकांचे कपडे उसवून, अल्टर करून द्यायच्या. खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं आणि घरभर रंगीत दोऱ्यांचे तुकडे पायाला चिकटत. कोर्टाचा निकाल आला तेव्हा वहिनींनी तो कागद सही करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. रडल्या नाहीत. "कोर्टाला घाई असेल," एवढंच म्हणाल्या, "मला नाही."

त्यानंतर त्या विषयावर दोघींत कधी बोलणं झालं नव्हतं. त्या संध्याकाळीही झालं नाही.

एकदा चूक झाली असेल तर यंत्र ती पुन्हा करणार नाही, असं मनाशी म्हणून नियमबाईनं दुसऱ्या दिवशी नंबर परत टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, यंत्रातील दोषाची तपासणी. ते खोटं नव्हतं.

नोंद आली. वेळ पुन्हा आत्ताची. जागा बदलली होती. पुलावरून गावात शिरलं की पाण्याच्या टाकीजवळ पहिला सिग्नल लागतो, तिथली. सिग्नल लाल होता आणि गाड्यांची रांग लागली होती. एका टेम्पोच्या मागे रांगेत फट होती. एक गाडी मावेल एवढी. त्या फटीत हिरवी चौकट. फटीच्या मागे एक टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर हात बाहेर टाकून कंटाळून बसला होता.

तिनं चित्र चालू करून पाहिलं. सिग्नल सुटला. टेम्पो निघाला. त्यामागे फट निघाली. मग बेतानं, अंतर ठेवून, टॅक्सी निघाली. वळणावर टॅक्सीनं जरा ब्रेक लावला. पुढची गाडी हळू झाली की लावतात तसा.

तिनं ते पुन्हा पाहिलं आणि यंत्र बंद करून जिन्यात जाऊन उभी राहिली. तिथं निदान खऱ्या गाड्यांचे आवाज येत होते.

पुढचे काही दिवस ती रोज एकदा नंबर टाकू लागली. रोज नोंद मिळे, रोज वेगळ्या जागेची. फळबाजार. दवाखान्याचं फाटक. नगरवाचनालयाचा कोपरा. नकाशा काढायची तिला गरज नव्हती, शहर तिच्या पायाखालचं होतं. गाडी, जर तिला गाडी म्हणायचं तर, नदीकडून इकडे येत होती. घाई न करता.

हवालदार हे सगळं बघत होता. एका दुपारी त्यानं घसा खाकरला.

"मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. तो नंबर मीही टाकून बघितला. मला काही येत नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. कोरा पडदा. आणि तुमच्या नोंदी बघितल्या तर..." त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही ज्या मिनिटाला शोधता, त्याच मिनिटाला ती गाडी दिसते. अलीकडे नाही, पलीकडे नाही. जशी काय तुम्ही हाक मारताय."

"तुम्ही पुन्हा टाकू नका तो नंबर," ती म्हणाली. "नियमात बसत नाही."

"नाही टाकणार," हवालदार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढी सुटका होती की तिला त्याचा राग आला.

एकदा नोंद बाजारामागच्या वाहनतळाची आली. तो ठाण्यापासून चालत जाण्याइतका जवळ होता. तिनं टोपी टेबलावर ठेवली आणि तशीच निघाली. ऊन कडक होतं. वाहनतळ ठासून भरला होता. टपांवरून गरम हवा थरथरत वर जात होती. भिंतीकडच्या रांगेत मधोमध एक जागा मोकळी होती.

ती एका झाडाच्या सावलीत उभी राहून बघत राहिली. जागेच्या शोधात गाड्या घिरट्या घालत होत्या. मोकळ्या जागेपाशी आली की गाडीचा वेग कमी होई. एकानं तर आत वळवायला चाकं तिरपी केली. मग काहीतरी आठवल्यासारखा तो थांबला, चाकं सरळ केली आणि पुढे निघून गेला.

पावत्या फाडणारा माणूस स्टुलावर बसला होता. तिनं त्याला विचारलं, "ती जागा रिकामी का ठेवलीय?"

"कुठली?"

तिनं बोट दाखवलं. त्यानं मान वळवली, पाहिलं, आणि परत आपल्या कामाला लागला. "लागलेली आहे ना ती, मॅडम."

ती त्या जागेपाशी गेली. दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मध्ये शिरली. आत वेगळी गरमी होती. ऊन अंगावर वरून पडत होतं, पण ही धग समोरून, मांड्यांच्या उंचीवरून येत होती. तापलेल्या रबराचा वास होता. दूरवरून आलेली, नुकतीच थांबलेली गाडी जसे बारीक टक्-टक् आवाज करते, तसे आवाज होते. तिनं हात पुढे केला. बोटं तळव्यात मिटून घेतली आणि हात मागे घेतला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या मोकळ्या जागेतून आपण आडव्या अंगानं, साडी सावरतात तसा शर्ट अंगाशी धरून बाहेर आलो. दोन गाड्यांच्या फटीतून येतात तसं.

त्या संध्याकाळी तिनं वहिनींना सगळं सांगितलं. सांगताना ती रिपोर्ट द्यावा तशी बोलत होती, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत हे सांगता येईना. वहिनी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"गाडी धुतलेली होती का?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, गाडी दिसत नाही. नुसती चौकट दिसते."

"तोंड कुणीकडे होतं?"

नियमबाईनं खिडकीतून खाली गल्लीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपल्या घराकडे."

वहिनींनी दाताखाली दोरा तोडला. "एवढी वर्षं हवा भरत होते म्हणायचे," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू तिनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला ते बरंही वाटलं आणि नकोसंही.

कोण काय शोधतं हे समितीनं मधूनमधून तपासावं, असंही तिच्याच नियमांत होतं. वकील आले तेव्हा त्यांनी खोलीचं दार आपल्या हातानं लावून घेतलं.

"सगळ्यात जास्त शोध तुमच्या नावावर आहेत, बाई. एकच नंबर. मी चौकशी केली. तो तुमच्या भावाच्या गाडीचा होता."

"हो."

"तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं. साहेबांबद्दल वाटलं असतं."

तिनं कारणं दिली नाहीत. त्यांना खुर्ची दिली आणि एकामागून एक चित्रं दाखवली. सुरुवातीला वकील बोलत होते. भिंगावरचा डाग असेल, सावली असेल, जुन्या माहितीत भेसळ झाली असेल. मग त्यांचं बोलणं विरळ झालं. टाकीजवळच्या सिग्नलपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ही टॅक्सी का थांबलीय?"

तिनं चित्र थोडं मागे नेऊन पुन्हा चालू केलं.

"पुढे जागा आहे. हा पुढे का घेत नाही?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "बाई, मी आयुष्यभर कोर्टात एकच गोष्ट सांगत आलो. नजर ठेवली की माणूस बदलतो, म्हणून कारणाशिवाय नजर ठेवू नका. लोकांना ते पटत नाही." ते उठले. "हे बघणं बंद करा. महिन्यानं सगळं आपोआप पुसलं जाईल."

"आणि तुमच्या अहवालात?"

"लिहावं लागेल. नियम तुमचाच आहे."

तिनं बघणं बंद केलं. सोपं नव्हतं. दुपारी ठराविक वेळेला बोटं वळवळू लागत, मग ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसे. पण तिनं शोधलं नाही, आणि शोधलं नाही म्हणून की काय, कुठल्याच पडद्यावर काही वावगं दिसलं नाही. गाड्यांच्या रांगा सलग होत्या. वाहनतळावरची ती जागा एका मालवाहू रिक्षानं घेतली होती.

वहिनी मात्र घरात फुणफुणत वावरू लागल्या. ताट आपटून ठेवत. मशीन गरजेपेक्षा जोरात चालवत.

"तुम्ही बघत नाही म्हणून ते कुठेतरी अडकून पडलेत, वन्सं," एक दिवस त्या म्हणाल्या.

"तिथं कुणी नाहीये, वहिनी."

"कुणी नाही ना? मग बघायला भीती कसली?"

"भीती नाही. नियम आहे."

"तुमच्या नियमानं माझं काय भलं केलं इतक्या वर्षांत?" वहिनींचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "मी कधी काही मागितलं का तुमच्याकडे? एकदा शोधा. एकदाच. कुठे आहेत तेवढं सांगा, पुढचं माझं मी बघते."

नियमबाईनं नाही म्हणून सांगितलं. वहिनींनी मान हलवली आणि पुढ्यातलं काम उचललं. भांडण मिटलं असं तिला वाटलं. पोलिसात एवढी वर्षं काढून तिला असं वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला.

"वन्सं, मी औषधाच्या दुकानासमोर उभी आहे. कोपऱ्यावर. तुमचा कॅमेरा आहे ना इथं, खांबावर? बघा, दिसते का मी?"

तिनं पडद्यावर तो कोपरा घेतला. फुटपाथच्या कडेला वहिनी उभ्या होत्या. घरातून निघताना केस नीट विंचरलेले, हातात पर्स, एक हात कानाशी. दुसरा हात वर करून त्या खांबाकडे बघून हलवत होत्या. लहान मुलं गच्चीवरून विमानाला हलवतात तसा.

"दिसता. घरी जा वहिनी. ऊन आहे."

"आधी शोधा."

"वहिनी..."

"मी इथून हलणार नाही. रात्र होईपर्यंत उभी राहीन, उद्याही येईन. मला ओळखता ना तुम्ही?"

ती ओळखत होती. हवालदार चहाला गेला होता. खोलीत कुणी नव्हतं.

तिनं नंबर टाकला.

कारणाचा रकाना समोर आला. बराच वेळ त्यात काही लिहिता येईना. शेवटी तिनं लिहिलं, घरचं काम.

नोंद आली. जागा, औषधाच्या दुकानाचा कोपरा.

तिनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं. वहिनींच्या समोर, रस्त्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर हिरवी चौकट होती. चौकटीतून पलीकडच्या गटाराचं झाकण दिसत होतं.

"काही दिसतंय का, वन्सं?"

"नाही. तिथं काही नाही, वहिनी. मागे सरका. फुटपाथवर मागे सरका."

वहिनी मागे सरकल्या नाहीत. त्या जरा वाकल्या. खिडकीतून आत बघायला वाकतात तशा.

मग त्यांचा चेहरा पडद्यावर दिसेनासा झाला, कारण त्यांनी तो वळवला होता. खांदे मात्र दिसत होते. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, ते इतक्या वरून कळत नव्हतं.

"वहिनी!"

फोनमध्ये रस्त्याचा गलका होता. हॉर्न, कुणाचं तरी ओरडणं, एका दुकानातला रेडिओ.

समोरून एक बस आली. बसनं कोपरा झाकला.

फोनमध्ये दार लागल्याचा आवाज झाला. जड, जुन्या गाडीच्या दाराचा. त्यासरशी रस्त्याचा सगळा गलका कापल्यासारखा थांबला.

त्या शांततेत फक्त टिक-टॉक, टिक-टॉक असं ऐकू येत होतं. वळायच्या आधी गाडीत इंडिकेटर वाजतो तसं.

मग वहिनींचा आवाज, फोनपासून जरा दूर, लाडीक, कुरकुरत्या सुरात. तो सूर तिनं वहिनी नव्या नवरी होत्या तेव्हा ऐकला होता.

"अहो, थांबा ना जरा. वन्सं आहेत फोनवर."

फोन बंद झाला.

बस पुढे गेली. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. चौकटही नव्हती.

हरवल्याची तक्रार तिनं स्वतः दिली. तपास करणारे अधिकारी भले होते, तिला खुर्ची देऊन बोलत. त्यांनी ते चित्र पुष्कळदा पाहिलं. बसच्या आड वहिनी रस्ता ओलांडून गेल्या असणार, असं त्यांचं मत पडलं. फोनबद्दल तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं नाही. औषधाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, बाई उभ्या होत्या खऱ्या, मग त्यांना न्यायला कुणीतरी आलं असावं. कोण? तसं काही पाहिलं नाही म्हणाला. पण असं वाटलं.

नातेवाइकाच्या गाडीचा शोध घेतल्याबद्दल साहेबांनी तिला चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसवलं. सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. तिनं हरकत घेतली नाही. उलट तिनं एक विनंती केली, की तो नंबर यंत्रात कुणालाच शोधता येऊ नये अशी सोय करावी. कुणालाच म्हणजे मलाही नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी ते केलं.

ती घरी बसली. घरात बसायची तिला सवय नव्हती. वहिनींच्या मशीनमध्ये सुईखाली कुणाचीतरी बाही अर्धी शिवून राहिली होती. ती तिनं काढली नाही. गिऱ्हाइकं कपडे मागायला येत, ती शोधून देई, कुणाला काय झालं ते सांगत नसे. दुपार झाली की घर फार मोठं वाटे. ती रेडिओ लावी आणि थोड्या वेळानं बंद करी, कारण त्यामुळे दुसरे आवाज ऐकू येत नसत.

एका दुपारी वकिलांचा फोन आला.

"बाई, महिना झाला. तपासाला लागतं तेवढं चित्र ठेवलं, बाकी सगळं आज पुसलं गेलं. मी समोर उभा होतो. तो नंबर आता त्या यंत्राला माहीतच नाही."

"बरं झालं."

"तुम्ही कशा आहात?"

"ठीक आहे."

"एकट्याच आहात का घरी?"

हा प्रश्न त्यांनी काळजीनं विचारला होता. तिनं वहिनींच्या मशीनकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "एकटीच."

फोन ठेवून ती खिडकीशी आली. सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. वारा अजिबात नव्हता. पाऊस दोऱ्या सोडल्यासारखा सरळ खाली येत होता. समोरची गल्ली भिजून काळी झाली होती.

फाटकासमोर मात्र रस्त्याचा एक तुकडा कोरडा होता.

आधी तिला वाटलं, डांबराचं ठिगळ असेल. मग तिनं नीट पाहिलं. कोरड्या भागाच्या कडा सरळ होत्या. लांबी-रुंदी एका गाडीएवढी. भोवतीनं पाऊस टपटपत होता, उडत होता. त्या तुकड्यावर काही पडत नव्हतं.

कुणीही शोधलेलं नव्हतं. कुणाला शोधताच येत नव्हतं.

समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ छत्री घेऊन गल्लीतून आले. कोरड्या तुकड्यापाशी ते सवयीनं बाजूला झाले आणि कडेकडेनं पुढे आले. मागच्या चाकाच्या जागेच्या थोडं अलीकडे त्यांनी छत्री वर उचलली, कशालातरी लागू नये अशी, आणि अंगाचा वळसा घेऊन पुढे गेले.

ते जिथं वळले तिथं तिनं पाहिलं. कोरड्या तुकड्याच्या कडेतून एक बारीक कोरडी पट्टी बाहेर आली होती. हातभर लांब, चार बोटं रुंद. फाटकाच्या दिशेनं. मागचं दार कुणी उघडून धरावं, तशी.

ती बघत राहिली. पाऊस वाढला. पट्टी तशीच कोरडी राहिली.

पाय गार पडल्यासारखे वाटले म्हणून तिनं खाली पाहिलं. ती खिडकीशी नव्हती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, पायांत बाहेरच्या चपला होत्या, आणि वर तिसऱ्या मजल्यावर तिच्या घराचं दार वाऱ्याशिवायच हळूहळू, कुरकुरत लागत असल्याचं ऐकू येत होतं.